जे विकता येत नाही, ते दंतवैद्याला कोण शिकवणार?

२००९ सालच्या पावसाळ्यात तासगाव भागातले एक द्राक्ष बागायतदार सांगलीतल्या माझ्या विश्रामबागच्या दवाखान्यात दाढ काढून घ्यायला आले होते. वय साठीच्या पुढे, खालची दाढ पार किडलेली आणि हलती, काढण्यावाचून इलाज नव्हता. चार महिन्यांपूर्वी मिरजेत अँजिओप्लास्टी होऊन त्यांना स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला होता आणि अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या रोज चालू होत्या. कॉलेजात शिकले होते त्याप्रमाणे मी चिठ्ठीवर लिहून दिले, की दोन्ही गोळ्या पाच दिवस बंद करून मग या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचा फोन आला. त्यांनी आवाज चढवला नाही, पण ते जे बोलले ते मला आजही आठवते : "दाढेतून रक्त आले तर तुम्ही बोळा दाबून, टाका घालून थांबवाल. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती मी कशी थांबवू?" नशिबाने तोवर एकाच दिवसाची गोळी चुकली होती. पुढच्या आठवड्यात दोन्ही गोळ्या चालू ठेवूनच मी ती दाढ काढली, खळग्यात जिलेटिनचा स्पंज ठेवला, दोन टाके घातले, अर्धा तास त्यांना बोळा दाबून बसवून ठेवले आणि रक्त थांबले.

त्या रात्री शोधाशोध केल्यावर कळले, की अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेला बरोबर घेऊन २००७ सालीच याविषयी निवेदन काढले होते. स्टेंट बसवलेल्या रुग्णाच्या या गोळ्या मुदतीआधी बंद केल्या तर स्टेंट एकाएकी तुंबून मृत्यू ओढवू शकतो, म्हणून दाताच्या कामासाठी त्या परस्पर थांबवू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. म्हणजे ही गोष्ट जगजाहीर होऊन दोन वर्षे उलटली होती. त्या दोन वर्षांत मी सांगली, कोल्हापूर आणि पुणे मिळून निदान दहा-बारा व्याख्यानांना आणि कार्यशाळांना गेले होते. इम्प्लांट, दात पांढरे करण्याच्या पद्धती, नव्या सिरॅमिकच्या कॅप, हे सगळे मी ऐकले होते, वहीत टिपूनही ठेवले होते. या दोन गोळ्यांबद्दल मात्र कोणीही एक वाक्य बोलले नव्हते. का बोलले नसावे, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे आणि मला सापडलेले उत्तर साधे आहे. गोळी बंद करू नका, हे शिकवून कोणाचीही कोणतीही वस्तू खपत नाही.

हे लिहिताना कंपन्यांवर अन्याय करायची माझी इच्छा नाही. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावात सभागृहाचे भाडे, पुण्या-मुंबईहून येणाऱ्या वक्त्याचा प्रवास, जेवण हा सगळा खर्च स्थानिक दंतवैद्यांच्या वर्गणीतून निघत नाही. प्रायोजक नसता तर निम्मे कार्यक्रम झालेच नसते. रूट कॅनॉलसाठी मशीनवर चालणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या फाइल, म्हणजे दाताच्या मुळातली नळी साफ करणाऱ्या बारीक कानशी, मी अशाच एका कंपनीच्या कार्यशाळेत हाताळायला शिकले. या लवचीक धातूच्या फाइलचा पहिला शोधनिबंध १९८८ चा आहे. मी बीडीएस झाले २००१ साली आणि आमच्या हातात मात्र स्टीलच्याच फाइल होत्या. वाकड्या मुळात त्या अडायच्या, सरळ जाऊ पाहायच्या, कधी मुळाच्या भिंतीलाच भोक पडायचे. कार्यशाळेत, आधीच काढून ठेवलेल्या दाढांवर दिवसभर हात बसवल्यानंतर माझ्या कामात जो फरक पडला, तो माझ्या रुग्णांनी अनुभवला आहे आणि त्याचे श्रेय मी त्या कार्यशाळेला मनापासून देते. अडचण एवढीच आहे, की कंपनी तिच्या मालाच्या दिशेने शिकवणार, त्यात तिचा दोष नाही, आणि ज्या दिशेला माल नाही ती दिशा मग कोरडी राहते. आपल्याकडे ती फारच मोठी राहिली आहे.

नोंदणी टिकवण्यासाठी दंतवैद्याने पाच वर्षांच्या आवर्तनात ठरावीक गुण मिळवावेत, अशी आपल्याकडे व्यवस्था आहे. दंत परिषदेचे २०१८ चे सातत्यपूर्ण दंतशिक्षणाचे नियम आहेत, त्याच्या आधीही नियम होते. बोलताना आम्ही सगळे त्याला सीडीईच म्हणतो. ही व्यवस्था हवीच. ती नसती तर कॉलेज सुटल्यावर पुस्तक पुन्हा न उघडणारे आमच्यात पुष्कळ निघाले असते. पण गुण मिळतात ते हजेरीचे. कोणत्या विषयाचे ऐकलेत, त्यातले दवाखान्यात काय उतरले, हे कोणी विचारत नाही. पाच वर्षांचे सगळे गुण फक्त इम्प्लांटच्या व्याख्यानांतून मिळवलेला दंतवैद्य नियमाप्रमाणे अद्ययावत ठरतो, मग खुर्चीवर रुग्ण बेशुद्ध पडला तर काय करायचे हे त्याला आठवत नसले तरी.

बेशुद्ध पडलेल्या रुग्णाचा हा मुद्दा मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते आहे. श्वास थांबलेल्या माणसाला आधी श्वासमार्ग मोकळा करून द्यावा, मग तोंडाने श्वास द्यावा आणि त्यानंतर छाती दाबावी, हा क्रम आम्ही कॉलेजात पाठ केला होता. २०१० साली तो क्रम बदलला : प्रौढ माणसाचे हृदय बंद पडले असेल तर आधी छाती दाबायला सुरुवात करायची, कारण रक्तात काही वेळ पुरेल एवढा प्राणवायू असतो, तो मेंदूपर्यंत पोहोचवणे सगळ्यात निकडीचे असते. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती निदान पाच सेंटिमीटर आत जाईल एवढ्या जोराने दाबायचे असते. हे मला कळले २०१६ साली, जेव्हा मिरजेतल्या एका भूलतज्ज्ञ मैत्रिणीने आम्हा काही जणांना पुतळ्यावर शिकवले. गुडघ्यावर बसून दोन मिनिटे छाती दाबली तेव्हा माझे हात भरून आले. घरी येऊन दवाखान्यातला औषधांचा कप्पा उघडला, तर तीव्र अ‍ॅलर्जीसाठी ठेवलेल्या अ‍ॅड्रेनॅलिनच्या अँप्युलची मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपली होती. मी रोज आठ-दहा जणांना भुलीचे इंजेक्शन देते. त्यांतल्या एखाद्याला तशी रिअ‍ॅक्शन आली असती, तर अर्धा मिलिलीटर अ‍ॅड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत देणे हाच पहिला उपाय होता आणि तो माझ्या हाताशी नव्हता.

इंग्लंडमध्ये दंतवैद्यांची नियामक परिषद पाच वर्षांत १०० तासांच्या शिक्षणाची सक्ती करते आणि त्यातले किमान दहा तास वैद्यकीय आणीबाणीवर असावेत, दरवर्षी निदान दोन तास तरी, अशी तिची शिफारस आहे. निर्जंतुकीकरण आणि क्ष-किरण यांसाठीही ती प्रत्येकी पाच तास सुचवते. शिवाय आपल्या कामात कशाची उणीव आहे हे दंतवैद्याने आधी स्वतः लिहून काढायचे आणि त्याप्रमाणे शिक्षण निवडायचे, असाही तिथला नियम आहे. मला यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. २०२३ च्या कायद्याने आपल्याकडे १९४८ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाची तरतूद झाली आहे. नव्या रचनेत गुणांचा निदान काही हिस्सा अशा विषयांसाठी राखून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता अँटिबायोटिकविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागात रोज सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात आणि माझ्याकडूनही कित्येक वर्षे झाल्या. दाढ ठणकत असलेला रुग्ण येतो. सोमवारचा दिवस, बाहेर दहा जण बसलेले. तो म्हणतो, "मॅडम, आज फक्त पाच दिवसांच्या गोळ्या द्या की, ऊस तुटून गेला की सवडीनं येतो." मी अमॉक्सिसिलिन आणि वेदनाशामक लिहून द्यायची, तोही खूश आणि माझाही वेळ वाचायचा. वास्तविक नस सुजून दाढ ठणकते तेव्हा ती वेदना दाताच्या कडक कवचात कोंडलेल्या सुजेची असते, अँटिबायोटिकने ती कमी होत नाही. नस मेलेली असेल तर तिथला रक्तपुरवठाच संपलेला असतो आणि पोटात घेतलेले औषध त्या जागी पोहोचायला वाटच उरत नाही. २०१९ साली अमेरिकन डेंटल असोसिएशनने या विषयावर मार्गदर्शिका काढली. एरवी धडधाकट असलेल्या प्रौढ माणसाची दाढदुखी आणि हिरडीवरची मर्यादित सूज यांवर अँटिबायोटिक देऊ नये, दात उघडून नस काढावी, पू वाट करून बाहेर काढावा किंवा दात काढावा, असा तिचा सरळ अर्थ आहे. ताप असेल, अंगात कणकण असेल, सूज गालावरून मानेकडे उतरत असेल, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा औषधही हवे आणि रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवायची घाईही हवी.

हे वाचल्यानंतर मी लगेच सुधारले असे नाही. सवय मोडायला मला दीड वर्ष लागले, कारण नुसत्या ज्ञानाने ती मोडत नाही, कामाची पद्धतच बदलावी लागते. मी सकाळच्या आणि संध्याकाळच्या सत्रात प्रत्येकी अर्धा तास ठणकणाऱ्या दाढांसाठी मोकळा ठेवू लागले. भूल देऊन दाढ उघडली आणि नस काढली, की माणूस त्याच दिवशी शांत झोपतो. गोळ्या मागणाऱ्याला मी आता दाताचा उभा छेद कागदावर काढून दाखवते. बहुतेकांना पटते. ज्यांना पटत नाही ते पलीकडच्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या घेतात, याचे मला दुःख होते.

हृदयाच्या झडपांच्या रुग्णांबाबतही असाच बदल झाला. आम्ही शिकलो तेव्हा हृदयाला जंतूंचा संसर्ग होऊ नये म्हणून दाढ काढण्याआधी कितीतरी जणांना अँटिबायोटिक द्यायचो. २००७ पासून ते फक्त सर्वांत जास्त धोका असलेल्यांपुरते, म्हणजे मुख्यतः कृत्रिम झडप बसवलेले, पूर्वी हृदयाच्या अंतःस्तराचा संसर्ग होऊन गेलेले आणि काही जन्मजात दोष असलेले, एवढ्यांपुरते उरले. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना आम्ही क्लिंडामायसिन द्यायचो, तेही २०२१ साली त्या यादीतून वगळण्यात आले. हिरड्यांच्या रोगाचे वर्गीकरण २०१८ मध्ये नव्याने प्रसिद्ध झाले आणि त्यात मधुमेहाला थेट स्थान मिळाले, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर रोग वेगाने वाढणाऱ्या गटात धरायचा. सांगलीत चाळिशीपुढच्या दर रुग्णाला मी आता साखरेचा रिपोर्ट विचारते.

महामारीच्या काळात ऑनलाइन व्याख्यानांचा पूर आला होता. त्यातले बरेचसे मी विसरले आहे. एक मात्र विसरणे शक्य नाही. मे २०२१ मध्ये एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आणि एका मुखशल्यचिकित्सकांनी मिळून, कोणत्याही प्रायोजकाशिवाय, तासभर म्युकरमायकोसिसवर, म्हणजे काळ्या बुरशीच्या रोगावर, बोलून दाखवले होते : कोरोनातून उठलेला मधुमेही माणूस, स्टेरॉइड घेतलेला, वरचे निरोगी दात एकाएकी हलू लागलेले, गाल बधिर, टाळूवर काळपट डाग. त्यानंतर दहाएक दिवसांनी पलूसकडचे अठ्ठेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आले. वरचे तीन दात हलत होते, त्यांत कीड नव्हती, हिरड्याही बऱ्या होत्या. ते म्हणाले, "बाई, हे तीन काढून टाका, जेवताना फार त्रास होतोय." मी आरसा लावून टाळू पाहिला आणि दाताला हात न लावता तासाभरात त्यांना मिरजेला पाठवले. वरच्या जबड्याचा एक भाग काढावा लागला, अँफोटेरिसिनची इंजेक्शने कित्येक दिवस चालली, पण डोळा वाचला आणि जीव वाचला. आज ते कृत्रिम टाळू लावून जेवतात. ते व्याख्यान ऐकले नसते तर मी तीन दात काढून, गोळ्या देऊन त्यांना घरी पाठवले असते आणि चार-पाच दिवस वाया घालवले असते. त्या रोगात तेवढे दिवस पुरेसे असतात.

तोंडाच्या कॅन्सरबाबत आपल्या जिल्ह्यातल्या दंतवैद्यावर वेगळी जबाबदारी आहे, हे मला इथे मुद्दाम सांगायचे आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरीही तिशीच्या आतली मुले तोंडात तीन बोटे उभी मावत नाहीत अशा अवस्थेत येतात. आणि मशेरी! खेड्यांतल्या कित्येक बायका दिवसातून तीन-चार वेळा मशेरी लावतात आणि विचारले तर "तंबाखू नाही खात" असेच सांगतात, कारण मशेरी त्यांच्या लेखी दात घासण्याची वस्तू आहे. म्हणून "मशेरी लावता का?" असे त्याच शब्दात विचारावे लागते. जीभ कापसाच्या पट्टीने धरून दोन्ही कडा पाहणे, गालाची आतली बाजू, जिभेखालची जागा आणि खालचा ओठ उलटून पाहणे, याला दोन मिनिटे लागतात. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर तुकडा तपासायला पाठवायचा. हे सारे कॉलेजात शिकवलेले असते, पण दवाखान्याच्या धबडग्यात सुटते. सुटलेले पुन्हा हातात देणे हेही सातत्यपूर्ण शिक्षणाचेच काम आहे. या विषयावर व्याख्यान ठेवले की खुर्च्या रिकाम्या राहतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

२०१४ पासून आम्ही सांगली, मिरज, तासगाव आणि पलूसचे सात दंतवैद्य महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठ ते दहा आळीपाळीने एकमेकांच्या दवाखान्यात जमतो. पुढे दंत महाविद्यालयातले दोन अध्यापकही येऊ लागले. चहा-पोहे ज्याचा दवाखाना त्याचे, कंपनीचा प्रतिनिधी बोलवायचा नाही आणि प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आपली फसलेली केस एक्स-रेसह मांडायची, रुग्णाचे नाव झाकून. याचे गुण कोणाला मिळत नाहीत. एक वही आहे. तिच्यात आधी काय करत होतो, आता काय करायचे, कशाच्या आधारावर, आणि तारीख, एवढेच लिहितो. पहिली नोंद त्या दोन गोळ्यांची आहे.

एका रविवारी निर्जंतुकीकरणावर चर्चा झाली आणि आम्ही सातही जणांनी आपापल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे उपकरणे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जिवाणूंच्या बीजाणूंची पट्टी ठेवून ती तपासायला पाठवायचे ठरवले. सहा पट्ट्या स्वच्छ आल्या, एकीत वाढ दिसली, म्हणजे त्या यंत्रात जिवाणू मेले नव्हते. त्या सहकाऱ्याच्या यंत्राचा काटा रोज १२१ अंश आणि १५ पौंड दाखवत होता. झाकणाचे रबर झिजले होते, आत हवा राहून जात होती. त्याने त्याच दिवशी काम थांबवले, नवे रबर बसवले, पट्टी स्वच्छ आल्यावरच दवाखाना उघडला आणि हे आमच्यापैकी कोणापासूनही लपवले नाही. तेव्हापासून आम्ही सगळे दर महिन्याला पट्टी ठेवतो.

आमच्यातल्या दोघींनी मुलांच्या जन्मानंतर काही वर्षे दवाखाना बंद ठेवला होता. परत येताना त्यांना सर्वांत जास्त भीती वाटत होती ती मधल्या काळात काय काय बदलले याची. पुण्याला दोन दिवस मुक्कामाला जाणे त्यांना जमण्यासारखे नव्हते, फी आणि बुडालेले काम मिळून तो खर्चही मोठा असतो. रविवारचे दोन तास त्यांना जमले. त्यांच्यासाठी आम्ही तीन महिने फक्त वहीच पुन्हा वाचली.

सध्या वहीत सर्वांत जास्त खाडाखोड आहे ती खोल किडीच्या पानावर. मऊ झालेले सगळे डेंटीन (दाताच्या कवचाखालचा थर) खरवडून काढायचे, प्रोबला, म्हणजे तपासायच्या टोकदार सळईला, खर्रकन कडक लागेपर्यंत थांबायचे नाही, हे आमच्या हाडीमाशी रुजले होते. त्यात कितीदा नस उघडी पडायची आणि चांगल्या दाताला रूट कॅनॉल करावे लागायचे. २०१६ पासून तज्ज्ञांचे मत स्पष्ट आहे : नस जिवंत असेल आणि आपोआप ठणकत नसेल, तर कडा पूर्ण स्वच्छ कराव्यात, नसेवरचे मऊ डेंटीन मात्र तसेच ठेवून वरून दात घट्ट बंद करावा, म्हणजे आत कोंडलेल्या जंतूंना अन्न मिळत नाही आणि कीड थांबते. सगळी मदार त्या घट्ट बंद करण्यावर आहे, आणि रबर डॅम (दात लाळेपासून कोरडा ठेवणारा रबराचा पडदा) न लावता ओल्या दातावर ते साधत नाही. गेल्या चार वर्षांत असे केलेले माझे बहुतेक दात टिकले आहेत.

येत्या रविवारी पाळी माझी आहे. विलिंग्डन कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीची खालची दाढ मी गेल्या वर्षी याच पद्धतीने भरली होती. सात महिन्यांनी ती रात्री ठणकू लागली आणि शेवटी रूट कॅनॉल करावेच लागले. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही एक्स-रे मी पाकिटात घालून ठेवले आहेत. हिरडीजवळच्या कडेला सिमेंट आणि दात यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ मला दिसते आहे. ती पहिल्याच दिवसापासून तिथे होती का, हे मला बाकीच्या आठ जणांना विचारायचे आहे.